कडव्या बाटलीचे आप्पा

'गोड पाहिजे असेल तर पुढे जावे.'

आपल्याच दुकानाच्या दारावर अशी पाटी लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दुकान होतं सोडा-लेमनचं, सांगलीच्या हळदबाजाराच्या पाठीमागच्या बोळात. पुढे गेलं की खरोखरच दहा पावलांवर दुसरं दुकान होतं. तिथे गुलाबी, हिरव्या, नारिंगी बाटल्या ओळीने मांडलेल्या असायच्या. त्या दुकानदारालाही ही फुकटची जाहिरात आवडत नसे. माझ्या दुकानाकडे बोट दाखवून हा माझी बेअब्रू करतो, असं तो म्हणायचा, आणि त्यात तथ्य होतं.

त्या पाटीच्या वरच्या माडीवर मी पावणेतीन वर्षं भाड्याने राहिलो. लढाईचे दिवस होते. मी वाईहून नुकताच आलेला, बावीस वर्षांचा, साखर-रॉकेलच्या कंट्रोलच्या कचेरीत हंगामी कारकून. मालकांना सारा बाजार आप्पा म्हणे, म्हणून मीही आप्पा म्हणू लागलो. ते मला 'वाईकर' म्हणत. माझं नाव त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, ऐकलं, आणि नंतर कधी वापरलं नाही.

आप्पा उंच, वाळकुडे आणि काळेसावळे होते. डोक्याला रुमाल, अंगात बंडी, आणि चेहऱ्यावर कुणीतरी नुकतंच फसवून गेल्यासारखा भाव. जैन होते, कृष्णाकाठची चार एकर जमीन धाकट्या भावाला सोडून, बाटल्या भरण्याचं चाक घेऊन ते शहरात आले होते. बाटल्या गोटीच्या. हिरवट जाड काचेच्या, गळ्याशी चिमटलेल्या. चाकावर बाटल्या बसवायच्या, पाणी आणि गॅस सोडायचा, चाक उलटं फिरवायचं. बाटली पालथी झाली की आतली गोटी वर येऊन तोंडाला घट्ट बसायची. चाक फिरवताना आप्पा तोंडाला गोणपाटाचा दुहेरी पडदा बांधत. बाटली फुटली तर काच डोळ्यात जाऊ नये म्हणून. त्यांच्या बायकोला, आक्कांना, ते त्या वेळी अंगणातही उभं राहू देत नसत.

लेमन आणि साधा सोडा ते भरत, पण नाइलाजाने. त्यांची खरी बाटली वेगळी होती. सुंठ, किराईताची कडू काडी, लिंबू आणि साखर. आलं त्यांना चालत नव्हतं, कारण तो जमिनीतला ओला कंद, म्हणून सुंठ. किराईत का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. रंग पातळ चहासारखा. पहिला घोट घेतला की माणसाचं तोंड वाकडं व्हायचं. दुसऱ्याला कपाळावर घाम. तिसऱ्याला मात्र जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी उमलायचं, ते गोड होतं की तिखट हे मला अजून सांगता येत नाही, आणि दुपारच्या जेवणाचं जडपण कुठल्या कुठे जायचं. बाजारात सगळे तिला 'कडवी बाटली' म्हणत. हळदीच्या गाड्या घेऊन आलेली माणसं गाडी सोडली की आधी आप्पांकडे येत.

आप्पा गोटी दाबून बाटली फोडत, हातात देत आणि माणसाकडे बघत उभे राहत. पिणाऱ्याने तोंड वाकडं केलं तर ते दुसरीकडे बघत. घटाघटा प्यायला तर बोलत. एकदा तालमीतला एक नावाजलेला गडी चार चेल्यांना घेऊन आला.

"आप्पा, दहा बाटल्या फोडा," तो म्हणाला. "एका दमात पितो का न्हाई बघा."

आप्पांनी एक बाटली फोडली आणि त्याच्या हातात दिली.

"ही प्या. दमानं."

"आन बाकीच्या नऊ?"

"एका दमात प्यायचं असलं तर हौदावर जावा," आप्पा म्हणाले. "बैलं तितंच पित्यात."

चेले हसले. पैलवान हसला नाही, पण ती एक बाटली त्याने दमाने संपवली, आणि पुढे दर आठवड्याला येत राहिला. आप्पांची निम्मी गिऱ्हाइकं अशी अपमान होऊन टिकलेली होती. उरलेली निम्मी अपमान होऊन पुढच्या दुकानात गेली.

पाणी ते तीन पदरी पंच्यातून गाळत. त्यात काही विशेष नाही, त्यांच्यात सगळेच गाळतात. पण गाळून झाल्यावर तो पंचा ते एका भांड्यात धुवत, आणि ते भांडं दोरीला बांधून विहिरीत अगदी पाण्यापर्यंत सोडत. वरून ओतत नसत. पंच्यात अडकलेले जीव उंचावरून पडून मरू नयेत म्हणून. एकदा श्रावणात पावसाची झड लागली असताना मी त्यांना भिजत विहिरीवर वाकलेलं पाहिलं आणि माडीवरून म्हणालो, "आप्पा, सोडून द्या की आज. कोण बघतंय?"

त्यांनी दोरी वर ओढली, भांडं पालथं करून निथळलं आणि मग वर पाहिलं.

"तुमी बघताय की," ते म्हणाले.

दिवस मावळला की दुकान बंद. त्यानंतर ते पाणीही पीत नसत. आणि त्यांचा सगळ्यात तापदायक नियम म्हणजे, बाटली दुकानाबाहेर न्यायची नाही. हितं प्यायची, रिकामी हितं ठेवायची. लग्नाला देणार नाही, नाटकाच्या तंबूला देणार नाही. कारण एकच. त्यांच्या हातच्या सोड्यात कुणी दारू मिसळू नये. दारू पिणाऱ्यांविषयी ते वाईट बोलत नसत. "त्येंचं त्येंनी बघावं," म्हणत. "माझं पाणी मी गाळलंया."

आक्कांचा स्वभाव याच्या अगदी उलटा. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, सतत काहीतरी विचारणाऱ्या. मूलबाळ नव्हतं. मी आल्यापासून पंधरा दिवसांत त्यांनी माझी खाणावळ बंद केली आणि दिवस मावळायच्या आत मला जेवायला वाढू लागल्या. कचेरीतून यायला उशीर झाला तर भाकरी फडक्यात बांधून जिन्याच्या पायरीवर ठेवलेली असे.

त्या पहिल्या थंडीत मला आठ दिवस ताप आला. आक्का गुळाचा चहा करून आणत. तापलेल्या तोंडाला तो नकोसा व्हायचा. मी एकदा म्हटलं, "आक्का, साखरेचा द्या ना एक कप. खाली पोतंभर साखर आहे तुमच्याकडे."

आक्का खाली गेल्या आणि थोड्या वेळाने आप्पा वर आले. माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ती साखर बाटल्यांची हाय," ते म्हणाले. "परवान्यावर तसं लिवलंय. आमीबी गुळाचाच पितो."

आणि खरंच, परवान्याच्या साखरेतली चिमूटभरही त्या घराच्या चुलीकडे गेलेली मी कधी पाहिली नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. मला ते ठाऊक होतं.

आमचे साहेब शौकीन होते. कचेरीत माझ्यासारखे तिघे हंगामी होते आणि कायमची जागा एकच निघणार होती. एका शनिवारी साहेबांनी मला आत बोलावलं.

"तू त्या तिरसट सोडेवाल्याच्या माडीवर राहतोस म्हणे. उद्या संध्याकाळी चार मंडळी यायची आहेत घरी. दोन डझन सोडे आण. त्याच्याइतका कडक सोडा गावात कुणाचा नाही."

"तो बाहेर देत नाही, साहेब."

"तुला देईल," साहेब म्हणाले आणि फाइल उघडली.

मी आप्पांना सांगितलं, साहेबांच्या घरी सत्यनारायण आहे. पाहुणे यायचे आहेत. आप्पांनी माझ्याकडे नेहमीसारखं, बाटली पिणाऱ्याकडे बघत तसं बघितलं. मी तोंड वाकडं होऊ दिलं नाही. त्यांनी त्या दिवशी पाणी दोनदा गाळलं, चोवीस बाटल्या भरल्या, ओल्या गोणपाटात बांधल्या आणि हातगाडीवर चढवून दिल्या.

"देवाचं काम हाय," ते म्हणाले. "आन तुमी म्हणताय."

सोमवारी सकाळी बाटल्या परत आल्या. आप्पांनी एकेक उचलून नाकाशी धरली. एकवीस बाजूला ठेवल्या. राहिलेल्या तीन बाटल्यांत कुणीतरी उरलेली दारू ओतली होती, तिचा तळाशी पिवळा थर होता. मी जिन्यात उभा होतो.  त्या तीन बाटल्या त्यांनी पंच्यात गुंडाळल्या आणि निघाले. ते कुठे निघालेत हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी धावत कचेरी गाठली, पण ते माझ्याआधी साहेबांच्या टेबलासमोर उभे होते. समोर परवान्यासाठी आलेली वीसपंचवीस माणसं.

आप्पांनी तीन बाटल्या टेबलावर मांडल्या.

"साहेब, तुमच्या पूजंचं तीर्थ बाटलीत ऱ्हायलं हुतं," ते म्हणाले. "ते द्यायला आलो."

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. मग सगळेच खाली बघून हसू लागले. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आप्पा वळले आणि माझ्याजवळून जाताना थांबलेसुद्धा नाहीत.

त्या दिवशी मी माडीवरच बसून राहिलो. दिवस मावळायला आला तशी खालून हाक आली. "वाईकर, जेवायला या." जेवताना ते म्हणाले, "पोटासाठी एकदा खोटं सगळीच बोलत्यात. दुसऱ्यांदा बोलला की ते पोटासाठी नसतं." एवढंच. आक्कांनी मला ताक वाढलं आणि त्यांच्याकडे रागाने पाहिलं.

पंधरा दिवसांनी साहेबांनी पुन्हा आत बोलावलं. आवाज अगदी गोड होता.

"सोडेवाल्यांच्या साखरेची तपासणी करायची आहे. तू तर घरातच राहतोस, तुझ्याइतकं खात्रीचं कोण सांगणार? लिही. साखर बाटल्यांत न घालता काळ्या बाजारात जाते."

मी लेखणी उचलली नाही.

"कायमच्या जागेचा कागदही आजच वर पाठवायचा आहे," ते म्हणाले. "दोन्ही एकदमच पाठवू."

चार ओळींचा रिपोर्ट होता. चौथी ओळ, 'हे मी समक्ष पाहिले आहे.' माझं अक्षर शाळेपासून चांगलं. शाई वाळेपर्यंत मी कागद हातात धरून होतो. त्या वेळात फाडता आला असता. महिन्याभरात मी कायम झालो. मी वाईला आईला पत्र टाकलं. आक्कांनी माझ्यासाठी पुरणपोळी केली, पुरण अर्थात गुळाचं. त्या आठवड्यातच आप्पांची साखर बंद झाल्याचा हुकूम त्यांच्या हाती आला.

हुकूम आला त्या दुपारी आप्पांनी मला दुकानात बोलावलं. स्वतः पालथ्या खोक्यावर बसले आणि मला गादीवर बसवलं.

"एक अर्ज लिवून द्या, वाईकर. ह्या हुकुमाच्या इरुद्ध. माझं अक्षर साहेब लोकांना लागत न्हाई."

मी नाही म्हणू शकलो नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार? दौत काढली आणि लिहू लागलो. अर्जदार हा गेली वीस वर्षे सचोटीने धंदा करीत असून. अर्जदाराविरुद्ध आजवर कोणतीही तक्रार नसून. आप्पा प्रत्येक ओळ वाचून दाखवायला लावत. बाहेर हळदीची पोती उतरवत होते, सगळीकडे पिवळी धूळ उडत होती.

"चौकशी केली म्हणत्यात," आप्पा म्हणाले. "ती कुणी केली, कवा केली, ते इचारा त्यात."

मी लेखणी दौतीत बुडवली. मग मी लिहिलं, 'सदर चौकशी कोणी व केव्हा केली याचा खुलासा व्हावा.'

"लिवलं?"

"लिहिलं."

"वाचा."

मी वाचलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"बरं," ते म्हणाले. "सही कुठं करू?"

दुसऱ्या दिवशी तो अर्ज माझ्याच टेबलावर आला. साहेबांनी वरवर चाळला आणि परत दिला. "शेरा तूच लिही." मी लिहिलं, 'चौकशी रीतसर झाली असल्याने अर्ज फेटाळावा.' अर्ज आणि शेरा, दोन्ही एकाच हाताचे.

साखर गेल्यावर साधा सोडा भरून आप्पा काही दिवस रेटत राहिले. पण कडवी बाटली सोडवेना. शेवटी त्यांनी ती गुळात करायला घेतली. गुळाची चव चांगली लागायची, काहींना तर जास्त आवडली. पण आप्पा खूश नव्हते. "साखर बाटलीत मरून पडती," ते म्हणत. "गूळ जित्ता ऱ्हातो." उन्हाळ्यात गुळाचं पाणी आंबायचं, बाटलीतला जोर वाढत जायचा. म्हणून भरलेलं त्याच दिवशी खपवायचं आणि उरलेलं मावळतीला ओतून टाकायचं, असा त्यांचा नेम होता.

चैत्रात कुठल्याशा पुढाऱ्यांच्या अटकेवरून बाजार अचानक दोन दिवस बंद झाला. त्याच वेळी भाऊ आजारी असल्याचा निरोप आला आणि आप्पा गावाकडे गेले. सकाळी भरलेल्या दोन खोकी बाटल्या तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आक्कांच्या लक्षात आलं. हे येऊन रागावतील म्हणून त्या स्वतःच बाटल्या फोडून ओतायला बसल्या. तोंडाला पडदा बांधायचं त्यांना माहीतच नव्हतं. चाकाजवळ त्यांना कधी येऊ दिलं होतं कुठे?

मी माडीवर होतो. आवाज मोठा नव्हता, ताट पडावं तेवढाच. मी खाली आलो तेव्हा आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर उजव्या डोळ्यावर दाबलेला, आणि मला म्हणत होत्या, "वाईकर, पाय जपून टाका, काच हाय."

मिरजेच्या दवाखान्यात डोळा काढावा लागला. टांग्यातून त्यांना मीच नेलं, मीच तीन दिवस बाहेरच्या बाकावर बसलो. आप्पा आले तेव्हा दवाखान्यातल्या लोकांनी त्यांना सांगितलं, मुलगा असावा तर असा. आप्पांनी मान हलवली.

दोन महिन्यांनी मी सातारला बदली मागून घेतली.

स्वातंत्र्य आलं, त्यानंतरच्या थंडीत साखरेवरचा कंट्रोल सुटला. ती बातमी कचेरीत सगळ्यांत आधी मी वाचली. तिसऱ्या दिवशी रजा काढून सांगलीला गेलो. काय बोलायचं ते मी गाडीत मनाशी घोकत होतो.

दारावर पाटी नव्हती. आत चाक नव्हतं, ते विकलं होतं. मिरजेच्या कुठल्याशा कारखान्याच्या गुलाबी बाटल्यांची खोकी लावलेली. एक माणूस चार बाटल्या मागत होता.

"घरी न्या," आप्पा त्याला म्हणाले. "रिकाम्या सवडीनं आणा."

त्या माणसाकडे त्यांनी पाहिलंही नाही. मग मला बघून उठले.

"या वाईकर. काय देऊ? गुलाबी का लेमन?"

"कडवी?"

"ती न्हाई करत आता."

"आता साखर मिळते, आप्पा."

"मिळती की," ते म्हणाले आणि फडक्याने एक बाटली पुसू लागले.

घोकलेलं सगळं विसरलो. सरळ म्हणालो, "आप्पा, तो रिपोर्ट मी लिहिला होता."

"व्हय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"दुसरं कोण आलं हुतं आमच्या घरात चौकशीला? हुकूम हातात पडला तवाच कळलं."

"मग अर्ज माझ्याकडून का लिहून घेतलात?"

त्यांनी पुसलेली बाटली खोक्यात ठेवली, दुसरी घेतली.

"वाटलं, लिवता लिवता हात थांबल तुमचा. त्यो आपला वळवून वळवून चांगलं लिवीत ऱ्हायला."

बाजारातून एक गाडी गेली. 

"मी क्षमा मागायला आलोय," मी म्हणालो.

"आमच्यात वर्साचा एक दिवस असतो," आप्पा म्हणाले. "सगळ्यास्नी क्षमा करायची. मी दर वर्साला बसतो. तुमच्या नावाला आलं की जीभ उचलत न्हाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता. दुखऱ्या गुडघ्याबद्दल सांगावं तसं ते सांगत होते.

आतून आक्कांचा आवाज आला. "कोण आलंय?"

"वाईकर," त्यांनी सांगितलं, आणि मग खाली वाकून हळूच मला म्हणाले, "तिला ह्यातलं काय बोलू नका. तुमच्यावर तिचा लय जीव हाय. तेवढा तरी ऱ्हाऊ द्या तिचा."

आक्का दाराची चौकट चाचपत आल्या. वाळल्या होत्या. मला बघून चेहरा तसाच गोल झाला. दिवस कलला होता; त्यांनी मला बोलूही न देता पाटावर बसवलं. आमटी वाढताना उजवीकडचा अंदाज चुकला आणि पळी ताटाच्या कडेवर रिकामी झाली. आप्पांनी माझं ताट बोटभर सरकवून आक्कांच्या हाताखाली आणलं.

"आई बऱ्या हाईत?" आक्का विचारत होत्या. "लगीन ठरलं का? आन त्या कायमच्या जागेवरच हाईसा न्हवं?"

"आहे."

"बरं झालं बाई. आमच्या माडीनं एकाचं तरी भलं केलं."

मी आप्पांकडे पाहिलं. ते माझ्या ताटाकडे बघत होते.

"जेवा, वाईकर," ते म्हणाले.

मी जेवलो. आक्कांनी दोनदा आग्रह करून वाढलं, तेही संपवलं. ताटात टाकून उठायची त्या घरात रीत नव्हती.